भगवानराव, उतरा

ही गोष्ट रात्रीची नाही. अमावास्येची नाही, स्मशानातली तर नाहीच. भर दुपारची आहे, आणि बीडच्या कोर्टात उघडकीला आली. ज्याला खोटं वाटतंय त्यानं खुशाल खोटं म्हणावं. गाडीवर मधे मी बसले होते, तुम्ही नव्हता.

मी मंगल. सासर पालीचं, बिंदुसरेच्या धरणाजवळ. माहेर गेवराईकडं. माझे सासरे भगवानराव. सगळा गाव त्यांना आप्पा म्हणायचा. ते मागच्या उन्हाळ्यात वारले.

आमच्या सासरी एक रीत आहे. अस्थी नदीला न्यायच्या तर गेलेल्या माणसाला गाडीवर बसवून न्यायचं. त्याचं नाव घेऊन म्हणायचं, "बसा." नदी आली की पुन्हा नाव घेऊन म्हणायचं, "उतरा." नावाशिवाय बोलायचं नाही. लग्न होऊन आले तेव्हा हे ऐकून मला हसूच आलं होतं. एसटीचा कंडक्टरसुद्धा इतकं विचारत नाही, म्हणलं!

आता हसू येत नाही.

आप्पांच्या अस्थी राक्षसभुवनला गोदावरीत सोडल्या. आमचे हे, म्हणजे परमेश्वर, आणि माझे चुलत दीर गहिनीनाथ भाऊजी गेले होते. आप्पांच्याच मोटरसायकलवर. संध्याकाळी आले आणि सगळं रीतसर झालं म्हणाले.

पण दहाव्याला कावळा शिवला नाही.

लई वाट बघितली. हे हात जोडून काय काय कबूल करत होते. शेवटी दर्भाचा कावळा करून भागवलं.

तेव्हापासून माझ्या सासूबाईंची, कौशल्याबाईंची, झोप उडाली. ताटावर बसायच्या आणि तशाच उठायच्या.

"मंगल, आप्पा पोचले न्हाईत गं."

"असं कावून म्हणता, आत्याबाई?"

"सपनात येतेत. रस्त्याला उभे असतेत. उन्हात... पाय भाजतेत म्हणतेत."

बाई दिवसेंदिवस वाळत चालली होती. मला तिची काळजी होती. आप्पांचं काय, गेलेलं माणूस, असं मी तेव्हा समजत होते.

आप्पांचा फोन सासूबाईंनी बंद होऊ दिला नव्हता. रोज चार्जिंगला लावायच्या, उशाशी ठेवायच्या. त्या फोनवर मेसेज यायचे. त्यांना वाचता येत नाही आणि आम्ही कधी बघितले नाहीत. कंपनीच्या जाहिराती असतील म्हणलं.

मग गाडी ह्यांच्या नावावर करायची वेळ आली. एजंट म्हणाला, "आधी दंडाच्या पावत्या मिटवा. लई थकल्यात. लोकअदालत लागलीय, तिथं जा."

मेसेज उघडले. सगळी ई-चलनं. सगळी एकाच चौकातली, बीडच्या बाहेर बायपासला सिग्नल आहे तिथली. आणि सगळ्यांवर गुन्हा एकच.

ट्रिपल सीट.

माझं डोकंच फिरलं. त्या चौकातून आम्ही जायचो ते माझ्या माहेरी. मी आणि हे. दोघंच! लेकरू न्हाई, शेजारीण न्हाई. तिसरं कोण, माझं नशीब?

"अहो, गप बसू नका. कोर्टात भांडायचं. आपण भ्यायचं कावून?"

लोकअदालतीच्या दिवशी कोर्टात ही गर्दी. शिपायानं पुकारा केला.

"भगवानराव... हजर आहेत का?"

गाडी आप्पांच्या नावावर, म्हणून नाव आप्पांचं. तरी माझ्या अंगावर काटा आला. हे "हो" म्हणाले आणि पुढं झाले. आप्पा वारलेत, मी त्यांचा मुलगा, असं त्यांनी सांगितलं.

टेबलाच्या पलीकडं साहेब होते, बाजूला वकील बाई. मी कुणाला बोलूच दिलं नाही.

"साहेब, हे खोटं हाय. आमी दोघंच असतो. तुमचा कॅमेरा दारू पितो काय?"

वकील बाई हसल्या. चांगल्या होत्या. त्यांनी कॉम्प्युटर माझ्याकडं वळवला.

"ताई, फोटो बघा. मग बोला."

फोटो मागून काढलेला होता. पुढं हे. मधे मी, माझी जांभळी साडी. आणि माझ्या मागं...

एक माणूस.

धोतर. डोक्याला पांढरा पटका. एक पाय फूटरेस्टवर, दुसरा खाली लोंबकळतोय. चढता चढता फोटो निघालेला.

दुसऱ्या फोटोत माझी साडी वेगळी. तो माणूस तोच. तसाच चढणारा.

तिसऱ्यातही तोच.

अंगात नवा सदरा होता. पाठीवर घडीच्या रेघा उमटलेल्या.

तो सदरा मीच आणला होता. आप्पांना शेवटचा घालायला. इस्त्री करायला वेळ कुठला? घडी मोडून तसाच घातला होता.



खरं सांगते, मला काहीच कळलं नव्हतं असं नाही. त्या चौकात सिग्नल सुटला की दर वेळी गाडीचं मागचं चाक दबायचं. कुणीतरी बसायला टेकल्यासारखं. चौक संपला की गाडी हलकी. हे म्हणायचे, शॉकअप गेलंय. मीही म्हणायचे, गेलं असेल.

"मान्य आहे का?" साहेबांनी विचारलं. "नसेल तर केस नेहमीच्या कोर्टात जाईल."

मी ह्यांच्याकडं बघितलं. चेहरा पांढराफटक.

"मान्य हाय साहेब," हे म्हणाले. "तिघंच होतो."

दंड भरला, पावती घेतली. बाहेर गाड्यांच्या स्टँडपाशी आलो आणि हे खाली बसले.

"मंगल, अस्थी नेताना त्या चौकात पोलिसानं धरलं होतं."

"मग? आत्ता सांगताय?"

"त्यात सांगण्यासारखं काय हाय असं वाटलं गं. गहिनीनाथ गाडी चालवत होता, मी मागं, मांडीवर मडकं. पोलीस म्हणला, तिघं कावून बसले? मला वाटलं उन्हानं फिरलंय ह्याचं. मग म्हणला, गाडी कुणाच्या नावावर हाय? मी सांगितलं, भगवानराव."

"बरं, मग?"

"मग तो माझ्या मागं बघून म्हणला..." ह्यांनी हातातली पावती चुरगाळली. "म्हणला, चला भगवानराव, उतरा. तिकडं खांबापाशी थांबा, मागून रिक्षानं या. आमाला म्हणला, जावा तुमी. गहिनीनाथ हसत सुटला. आन् आमी गेलो."

नाव घेऊन उतरवलं होतं. आप्पा साधे माणूस. खाकी कपड्याला जन्मभर भ्यायचे. उतर म्हणलं की उतरले असतील, थांब म्हणलं की थांबले असतील. लेकाची गाडी दिसली की दर वेळी धावत येऊन चढू बघायचे, आणि कुणी "बसा" म्हणत नाही म्हणून मागं राहायचे.

मला रडूच आलं. तिथंच, चारचौघांत.

"उठा," मी म्हणलं. "आत्ताच्या आत्ता जायचं. त्यांना घ्यायचं आन् नदीला पोचवायचं."

चौकात आलो तेव्हा ऊन मी म्हणत होतं. ह्यांनी खांबाजवळ गाडी थांबवली. मी पुढं सरकून जागा केली आणि डोक्यावर पदर घेतला. सासऱ्यासमोर घ्यावा लागतो ना.

सिग्नल सुटला. मागं उसाचा ट्रॅक्टर, त्याच्यामागं ट्रक. नुसता हॉर्नचा गोंधळ. कोपऱ्यातून शिट्टी वाजली.

"ए! काढ बे गाडी!"

हे गडबडले.

"बसा, बसा!" म्हणाले आणि गाडी काढली.

मागचं चाक दबलं...

चौक गेला. पूल गेला. चाक वर आलं नाही.

माझ्या पाठीला गार लागत होतं. तसल्या उन्हात! पण मला भीती वाटली नाही, देवाशप्पथ. बरं वाटलं. आप्पा आले म्हणलं. अधूनमधून मागं किणकिण वाजत होतं... गाडीच्या किल्ल्या असतील म्हणलं.

राक्षसभुवनला पाण्याशी गेलो. ह्यांनी ओंजळ भरून घेतली.

"भगवानराव, उतरा. आप्पा, चुकलं आमचं."

येताना गाडी जडच होती. मी विचारलं तर हे म्हणाले, हवा कमी असेल. असेल, म्हणलं.

सासूबाई दारातच उभ्या. भाकरतुकडा ओवाळून टाकला.

"पोचले का रे?"

"पोचले, आई."

त्या दिवशी बाई पोटभर जेवली. ढाराढूर झोपली. मी पांघरूण घातलं, आणि सगळं निभावलं म्हणून देवाला हात जोडले.

काही दिवसांनी आप्पांचा फोन वाजला. मेसेज.

त्याच दुपारचं चलन. तोच चौक. ट्रिपल सीट.

येणारच होतं, म्हणलं. आप्पा बसलेच होते ना. भरू की! मी मोठ्या मायेनं फोटो उघडला...

पुढं हे. मधे मी, डोक्यावर पदर.

माझ्या मागं एक बाई.

हिरवं लुगडं. एका अंगाला बसलेली, पाय अनवाणी. हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा. सवाष्ण गेली की तिला असंच नटवून पाठवतात.

मी ह्यांना हाक मारली. ह्यांनी फोटो मोठा केला आणि कडेला बोट ठेवलं.

खांबापाशी आप्पा उभे होते. नवा सदरा. एसटीला करतात तसा हात वर केलेला.

"बसा" म्हणलं होतं. नाव घ्यायचं राहिलं होतं. त्या चौकात आणखी कोण कोण थांबलंय, आम्हाला काय ठाऊक? जी जवळ होती ती बसली. नदीवर आप्पांना उतरा म्हणलं. तिला कुणी म्हणलंच नाही.

ती आमच्याबरोबर घरी आली.

हे म्हणतात, आप्पांना आणायला पुन्हा जाऊ. पण ज्या गाडीवर ती बसलीय त्या गाडीवर आप्पांना जागा कुठं? आणि दुसरी गाडी आप्पा ओळखणार कशी? आणि तिला उतरवायचं तर नाव लागतं. त्या चौकात कोण बाई गेली, कधी गेली, आम्ही चहाच्या टपरीपासून विचारत फिरलो. कुणालाच माहीत नाही.

गाडी अंगणात उभी आहे. कुणी हात लावत नाही. मागचं चाक दबलेलंच आहे.

सासूबाईंना यातलं काही सांगितलेलं नाही. त्या आता नीट जेवतात, झोपतात. कालच दुपारी मी ओट्यावर निवडत बसले होते, तर आतून हाक आली.

"मंगल, बांगड्या लई छान वाजतेत गं. कवा भरल्या?"

मी बांगड्या घालत नाही. माझ्या हातात घड्याळ असतं.

"परवाच भरल्या, आत्याबाई," मी म्हणलं.