आई मैदानात असताना

केतकी देशकर, गुण शून्य. शाल्मलीनं कागद तीनदा वाचला. आकडा बदलला नाही.

शाल्मली, म्हणजे घरच्यांची शालू, दहा वर्षांची होती. तिची आई केतकी बास्केटबॉलची व्यावसायिक खेळाडू होती आणि सध्या चंद्राच्या पलीकडच्या बाजूला, नीरव नावाच्या वसाहतीत खेळत होती. तिथं उडी इतकी उंच जाते, की बास्केट दुमजली घराएवढ्या उंचीवर बसवावी लागते. हे सगळं शालूला कुणीतरी सांगितलेलं. पाहिलेलं मात्र काहीच नव्हतं. चंद्राची ती बाजू कायम पृथ्वीकडे पाठ करून असते, त्यामुळे आपल्याकडचा रेडिओचा गोंगाट तिथं पोचत नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी तिथं रेडिओ दुर्बिणी (दूरच्या ताऱ्यांकडून येणाऱ्या रेडिओलहरी टिपणारी यंत्रं) उभारल्या आहेत. त्यांना अडथळा नको, म्हणून चित्रफीत नाही, फोन नाही. आठवड्यातून एकदा सामन्याचा आकड्यांचा तक्ता आणि खाली तीस शब्दांची चिठ्ठी, एवढंच यायचं. इथूनही उलट तीस शब्दांचीच चिठ्ठी पाठवता यायची.

आठ महिने झाले होते. आईचा आवाज आठवायला शालूला आता जरा थांबावं लागायचं. हे तिनं बाबांना सांगितलं नव्हतं.

आजची चिठ्ठी अशी होती: ‘शालू, पुन्हा शून्य. दोन वर्षांच्या नव्या करारावर सही करायची की नाही, ते सोमवारी सांगायचंय. माझा इथं उपयोग दिसत नाही. बहुतेक मार्चच्या यानानं परत येते.’

परत येते. शालूनं ते दोन शब्द बोटानं गिरवले. समोर तर्री-पोहे गार होत होते. बाबा म्हणाले, “खा आधी,” आणि तिनं दोन घास खाल्ले. तिसरा घास मात्र हातातच राहिला. तक्त्यात एक गोष्ट बसत नव्हती. सामना अटीतटीचा होता. आईचा शशक संघ ७१, दुर्बीण संघ ६६. एकही गुण न करणाऱ्या आईला प्रशिक्षकबाईंनी शेवटची दहा मिनिटं सलग मैदानात का ठेवलं असेल?

हे विचारायचं तर टिपण्यालाच. गल्लीच्या टोकाला क्रीडासंकुल होतं आणि तिथल्या गुणलेखकाच्या टेबलामागे तीस वर्षं हा यंत्रमानव बसला होता. नागपूरच्या जुन्या गुणलेखकांत राहून त्याची बोलीही तशीच झाली होती.

“काय करून राहिली गं एवढ्या सकाळी?” टिपण्या म्हणाला. “स्वेटरची बटणं एक घर चुकली तुझी.”

शालूनं तक्ता त्याच्यापुढे ठेवला. “आईनं काहीच केलं नाही ना यात?”

“काहीच नाही असं कुठं आहे? चार फाउल केले.”

“टिपण्या.”

“बरं, बरं. दोन रिबाउंड (हुकलेला चेंडू पकडणं), एक असिस्ट (ज्यावरून लगेच बास्केट होते असा पास). गुण शून्य. आता मला सांग, आडोसा दिला तर तो कोणत्या रकान्यात लिहायचा?”

“आडोसा म्हणजे?”

“प्रतिस्पर्ध्याच्या वाटेत नुसतं भक्कम उभं राहायचं. तेवढ्यात आपली मैत्रीण मोकळी होते आणि बास्केट करते. गुण मैत्रिणीचे. उभी राहिली तिचं काय?”

शालूनं सगळे रकाने पाहिले. “काहीच नाही.”

“रकाना नाही म्हणून दिसत नाही. मागं उभं राहून ‘डावीकडं बघ’ म्हणून ओरडणारीचाही रकाना नाही. मग अशी खेळाडू शोधायची कशी?” त्यानं तक्त्याच्या तळाशी बोट ठेवलं. तिथं बदलनोंद (कोण कधी आत आलं, कधी बाहेर गेलं आणि तेव्हा गुण किती होते) बारीक अक्षरांत होती. “तिच्याकडं बघूच नको. ती असताना संघाचं काय झालं, ते बघ.”

शालूनं पेन्सिल काढली. आई पहिल्यांदा आत आली तेव्हा शशक १४, दुर्बीण २०. बाहेर गेली तेव्हा ३३–२८.

“म्हणजे तेवढ्यात आपण एकोणीस केले, त्यांनी आठ. अकरा जास्त.”

“पुढं.”

दुसऱ्यांदा आली तेव्हा ४७–५३, संघ सहानं मागे. सामना संपला ७१–६६. आपले चोवीस, त्यांचे तेरा. पुन्हा अकरा.

“अधिक बावीस,” शालू म्हणाली.

“याला म्हणतात अधिक-उणे. खेळाडू मैदानात असताना संघानं केलेले गुण, वजा संघावर झालेले गुण. आता ती बाकावर असतानाचं काढ. म्हणजे उत्तराची तपासणीही होईल.”

बाकावर असताना आधी उणे सहा, मग उणे अकरा. एकूण उणे सतरा. बावीसातून सतरा गेले, पाच उरले. संघ पाचानंच जिंकला होता. हिशेब चोख जुळला, तरी शालूला बरं वाटलं नाही.

“एकाच सामन्यात योगायोगानंही होत असेल,” ती म्हणाली.

“हे मात्र शास्त्रज्ञासारखं बोलली. एका सामन्यावर कुणी भरवसा ठेवू नये. आणखी तक्ते आहेत?”

दप्तराच्या पुढच्या कप्प्यातून तिनं चार तक्ते काढले. दोघांनी मिळून मोजले. उणे तीन, उणे पाच, अधिक एक, उणे दोन.

“बघ,” शालू घाईनं म्हणाली. “चारांत मिळून उणे नऊ. योगायोगच होता. आई म्हणते तेच खरं आहे. तिचा तिथं उपयोग नाही.”

टिपण्यानं चारही तक्ते ओळीनं लावले. “यांवर सामन्यांचे क्रमांक आहेत. दोन, तीन, पाच, आठ. आजचा या हंगामातला नववा. एक, चार, सहा, सात कुठं आहेत?”

शालू बटणांशी खेळत राहिली.

“हरवले?”

“मागच्या कप्प्यात आहेत,” ती हळूच म्हणाली. “त्यांत आई शेवटपर्यंत मैदानात होती आणि आपण जिंकलो होतो. म्हणून नाही काढले.”

“काहून?”

“ती परत यायला हवी म्हणून.”

टिपण्या रागावला नाही. त्यानं टेबलावर जागा केली. “आपल्याला हवं तेच उत्तर देणारे आकडे निवडायचा मोह भल्याभल्यांना होतो. मोह झाला हे कळलं की निम्मं काम झालं. आण ते.”

अधिक नऊ. अधिक बारा. अधिक सात. अधिक चौदा. नऊ सामन्यांची बेरीज झाली अधिक पंचावन्न. आई बाकावर असतानाची, उणे त्रेचाळीस.

“हे सगळं तिचं एकटीचं नाही हं,” टिपण्या म्हणाला. “सोबत चौघी असतात. नऊ सामनेही थोडेच. पण काहीच उपयोग नाही असं म्हणणं, हे या आकड्यांना मान्य नाही.”

“आईला हे माहीत नाही.”

“मैदानातून दिसत नाही ते. बारा जणींचं असं मोजत बसायला तिथं वेळ कुणाला आहे?”

“मी नाही कळवलं, तर ते खोटं होईल का?”

“मी गुण लिहितो, बाप्पा. हे तुझं तू ठरव.”

चिठ्ठी संध्याकाळी सहापर्यंत द्यायची होती. दुपारभर शालू कोऱ्या कागदापुढे बसून होती. मार्च जेमतेम दोन महिन्यांवर होता. काहीच लिहिलं नाही तर आई दारात उभी राहील, तिचा वास येईल, तिचा आवाज येईल, वेणी घालताना ती नेहमीसारखी केस ओढेल. आणि मनातल्या मनात ती स्वतःला शून्य समजत राहील. सगळ्यांना आडोसा देणारी बाई. शालूला ते चार तक्ते पुन्हा मागच्या कप्प्यात कोंबल्यासारखं वाटलं.

पावणेसहाला तिनं लिहिलं: ‘आई, नऊ सामने तपासले. तू मैदानात असताना संघ अधिक पंचावन्न, बाकावर असताना उणे त्रेचाळीस. दोनदा मोजलं. तू यावंस असं मला रोज वाटतं. पण शून्य समजून येऊ नकोस. शालू.’

अठ्ठावीस शब्द झाले. दोन उरले होते. ते तिनं तसेच सोडले आणि बाबांच्या कुशीत जाऊन बराच वेळ रडली. बाबांनी चिठ्ठी वाचली, पण खोडलं काही नाही.

पुढच्या शनिवारी उत्तर आलं: ‘तुझी चिठ्ठी प्रशिक्षकांना दाखवली. त्यांना हे जाणवायचं, आकड्यांत सांगता यायचं नाही. दोनाऐवजी एकाच वर्षाची सही केली. पुढच्या मार्चला नक्की येते. तोवर बाराही जणींचं अधिक-उणे काढशील का? सगळ्यांनाच हवंय.’

शालूनं बोटांवर महिने मोजले. खूप होते. मग तक्ता उचलला, स्वेटर चढवला आणि ती संकुलाकडे निघाली. बाराही जणींची नावं होती त्यात. पहिलं होतं कुणा नालेडी मोलेफेचं, गुण दोन. तिचीही पृथ्वीवर कुणीतरी वाट बघत असेल, असं शालूच्या मनात आलं. टिपण्याच्या टेबलाशी पोचल्यावर तिनं पेन्सिलीला टोक केलं आणि नालेडी आत कधी आली ते शोधायला लागली.