लोटन आबांचा जॅकपॉट

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती आणि धुळ्याचं ऊन असं, की दुपारी गल्लीतलं कुत्रंसुद्धा सावली सोडत नव्हतं. सुनंदाबाईंनी फुनके-कढीचा डबा भरला, दाराला कुलूप लावलं, किल्ली कनवटीला खोचली आणि शेजारच्या अमृतनानांकडे निघाल्या. रविवारचा हा रिवाजच होता. एकट्या बाईनं एकट्या म्हाताऱ्याला खाऊ घालायचं आणि त्या निमित्तानं चार गोष्टी विचारून घ्यायच्या. विचारल्याशिवाय सुनंदाबाईंना अन्न गोड लागत नसे, हे साऱ्या गल्लीला ठाऊक.

रविवारची खरी मजा मात्र लोटन आबा होते तोवरच. नाना तरुणपणी पुण्याच्या रेसकोर्सवर एका बुकीकडे पाटीवर भाव लिहायला होते. आबा समोरच्या घरातले, एसटीचे ड्रायव्हर. त्यांचा जन्म अमळनेरच्या गाडीवर गेला. रिटायर झाल्यावर दोघं रविवारी मोबाइलवर रेस लावून बसत आणि पैशांऐवजी चिंचोके लावत. सुनंदाबाई ओट्यावर गहू निवडत ऐकायच्या. ऐकून ऐकून त्यांनाही थोडं कळायला लागलं होतं.

"भाव पडला म्हणजे काय हो नाना? घोडा स्वस्त झाला का?"

"उलटं गं. दहाचा भाव म्हणजे एका चिंचोक्याला दहा मिळणार. त्या घोड्यावर कुणाचा विश्वास नाही. तोच दहाचा तीनवर आला, तर समजायचं, लोक त्याच्यावर लावायला लागलेत. तबेल्यातलं कुणीतरी काहीतरी जाणतंय."

जॅकपॉट म्हणजे ओळीनं पाच रेसचे पाच विजेते बरोबर धरायचे. एक चुकला की तिकीट गेलं. नाना म्हणायचे, जिथे खात्री तिथे एकच घोडा घ्यावा, जिथे अंधार दिसतो तिथे दोन-तीन. आबा नेमके अंधारात एकच धरायचे.

"लोटन, तुझी अमळनेर गाडी आणि तुझा घोडा, दोन्ही मागूनच येणार!"

"येस ना पण? रस्त्यात पडस का?"

रेस नसली, की दोघं गल्लीचीच रेस लावायचे. नळ आल्यावर पहिला हंडा कुणाचा, कुणाच्या गच्चीवरचे पापड आधी वाळतात. आपला भाव कानावर आला, की सुनंदाबाई वरवर रागवायच्या आणि हंडा घेऊन गुपचूप पळायच्या. तेव्हा गल्ली कशी भरलेली होती!

माघात आबा झोपेतच गेले. त्यानंतर गल्लीला जणू गळतीच लागली. प्रेमराजचं बिऱ्हाड जळगावला गेलं. सुलक्षणा लग्न होऊन गेली. दिपमालाबाईंची बदली झाली. मागच्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या मंदाबाईंना दवाखान्यात नेलं, त्या परत आल्याच नाहीत.

नानांचं दार नुसतं लोटलेलं होतं. सुनंदाबाईंनी हात लावला आणि तसाच ठेवला. आत नाना कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होते. फटीतून विडीचा वास आला. नाना विडी ओढत नसत.

"चार आले रे तुझे," नाना म्हणत होते. "प्रेमराज, सुलक्षणा, दिपमाला, मंदाबाई. चारही बरोबर. मानलं तुला."

आणि मग दुसरा आवाज. बसका, कफ धरलेला, अख्ख्या गल्लीच्या ओळखीचा.

"पाचवी बाकी शे, नाना…"

सुनंदाबाईंच्या हातातला डबा जड झाला. पळून जावं असं पायांना वाटत होतं. पण त्यांचा स्वभाव पायांच्या पुढचा. त्यांनी दार ढकललं.

नाना खाटेवर बसले होते. समोरची खुर्ची रिकामी. खुर्चीच्या वर विडीचा धूर तरंगत होता, अगदी माणसाच्या तोंडाच्या उंचीवर.

"ये, सुनंदा," नाना शांतपणे म्हणाले. "घाबरू नको. लोटन आहे. रविवारचा येतो, तू यायच्या आधी."

"नाना… कसली रेस लावलीय तुम्ही?"

"मी नाही लावली, यानं लावली. गल्ली सोडून आता कोण जाणार, त्याची. एकेक करून चार आले. पाचव्यात यानं मला एकट्यालाच धरलंय."

"म्हणजे नाशिकला? हितेंद्रकडे?"

"पोराकडे जायचं असतं तर कधीच गेलो असतो." नाना हसले. "या वयात मला एकच गाव उरलंय, बाई."

खुर्चीतून खाकरल्याचा आवाज आला.

"तुन्हा भाव पडी ऱ्हायना, नाना. सकायले दहा व्हता… आते तीन…"

नानांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. जुन्या स्टँडवर मित्रानं गाडीत जागा धरून ठेवावी आणि हाक मारावी, तसे ते खुर्चीकडे बघत होते. तेच सुनंदाबाईंना सोसेना. नवरा गेला त्या वर्षी रोज सकाळी दारात दुधाची पिशवी ठेवणारा हा माणूस. हाही गेला, तर गल्लीत हाक मारायला उरलं कोण? त्यांनी डबा खाली ठेवला, पदर खोचला आणि रिकाम्या खुर्चीपुढे उभ्या राहिल्या.

"आबा, मन्हं आयका. नानास्नं नाव काढी टाका. त्यासना गुडघा धरेल शे, पळता येस नही. घोडा लंगडा व्हयना ते काढतस ना? मंग?"

धूर हलायचा थांबला. मग जुनं हसू, छातीत घरघरणारं.

"बरं… काढं. नाना बाद."

विडीचा वास विझल्यासारखा गेला. सुनंदाबाई मटकन खाली बसल्या, हसू आणि रडू एकदमच आलं. "बघा! आबा माझं ऐकायचेच. जेवून घ्या आता, कढी निवतेय."

पण नानांचा चेहरा मातीसारखा झाला होता.

"सुनंदा… काय केलंस हे?"

"काय केलं?"

"जॅकपॉटच्या तिकिटातला घोडा ऐनवेळी काढला, तर तिकीट फुकट जात नाही. त्याच्यावर लावलेलं सगळं उरलेल्यांतल्या फेवरेटवर जातं, ज्याच्यावर सगळ्यात जास्त लोक लावतात त्याच्यावर." त्यांनी खुर्चीचा हात गच्च धरला. "लोटन! मला परत घे! मी पळतो, लोटन!"

खुर्ची नुसती खुर्ची होती.

"आता फेवरेट कोण, नाना?" विचारू नये ते सुनंदाबाईंनी विचारलंच.

नाना कान देऊन ऐकत होते. मग सुनंदाबाईंनाही ऐकू आलं. आवाज आता शेजारून येत होता, त्यांच्या स्वतःच्या घरातून.

"सुनंदाबाई… दहा…"

त्यांचा हात कनवटीकडे गेला. किल्ली जागेवरच होती.

"सुनंदाबाई… सात…"

"नाना, लावतंय कोण? आबा तर एकटेच गेले ना माझ्या घरात?"

"एकट्याच्या लावण्यानं भाव इतका पडत नाही, पोरी." नानांनी त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"चार… तीन… दोन…"

आणि आवाज बंद झाला. बाहेर ऊन रणरणत होतं. कुठेतरी एक कूलर घरघरत होता, तोही थांबला.

"थांबला, नाना," सुनंदाबाई कुजबुजल्या. "थांबला ना?"

नानांनी नकारार्थी मान हलवली.

"घोडे सुटले, की भाव थांबतो…"

तेवढ्यात सुनंदाबाईंच्या अनवाणी पायांखालची फरशी थरथरायला लागली. आधी टापा दूर, सोनगीर गावाच्या अंगाला वाजाव्यात तशा. मग हायवेच्या अलीकडे. मग गल्लीच्या तोंडाशी.