वाघिणीसाठी खुर्ची

"आमच्या वाघिणीला रविवारी प्राणिसंग्रहालयात न्यायचंय. चाकांची खुर्ची मिळेल का?"

फोनवर दुकानातला एक सावध आवाज म्हणाला, "वाघीण... खुर्चीत बसते?"

चूक माझीच. मी पडदे शिवते, आणि तोंडात टाचण्या धरून फोन करायची मला खोड आहे. शिवाय आत्याला घरात वाघीण म्हणतात, हे साऱ्या जगाला ठाऊक असणार असं मी धरूनच चालले होते. खुलासा करायला गेले तर टाचणी जिभेला टोचली. "आई गं!"

"चावली का?" त्यानं काळजीनं विचारलं.

मला इतकं हसू आलं, की संध्याकाळी मी स्वतःच दुकानात गेले. भाड्यानं द्यायच्या खुर्च्या, काठ्या, वॉकर यांच्या गर्दीत तो एका चाकाला तेल देत बसला होता. त्यानं वर पाहिलं आणि... डोळेच आधी हसले मेल्याचे!

"टाचणीबाई ना? आवाजावरून ओळखलं."

मग मी सगळं सांगून टाकलं. आई-बाबांच्या मागे आत्यानंच मला वाढवलं. शाळेची सहल प्राणिसंग्रहालयात गेली, तेव्हा नेमका मला गोवर निघाला. मी रडून घर डोक्यावर घेतलं. आत्या म्हणाली, "पुढच्या वर्षी आपण दोघी जाऊ. मलाही वाघ बघायचाय." ते पुढचं वर्ष काही उजाडलं नाही. आता गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तिनं उंबराही ओलांडला नव्हता. खुर्चीचं नाव काढलं की फिस्कारायची, "मी काय पेशंट आहे?" या रविवारी ती बाहेर पडली नाही, तर कायमची खिडकीशीच बसून राहील, या विचारानं माझी झोप उडाली होती.

"खुर्ची त्यांच्यासाठी आहे असं सांगितलंतच कशाला?" तो म्हणाला. "पिशवीसाठी आहे म्हणा. पाणी, डबा, छत्र्या... कोण उचलणार एवढं?"

"आणि खुर्ची कोण ढकलणार?"

"मी. दुकानाचा नियम आहे. खुर्चीबरोबर माणूस मोफत."

"असा नियम आहे?"

"आत्ताच केलाय..."

त्यानंतर संध्याकाळी काम आटोपलं की माझे पाय आपोआप त्या दुकानाकडे वळायला लागले. काउंटरवर नकाशा पसरायचा आणि दोघांनी त्यावर वाकायचं. मुख्य दरवाजानं जायचंच नाही, तो म्हणायचा, तिथून सगळा चढ आहे. मागच्या दरवाजानं शिरलं की वाघापर्यंत उतारच उतार. कुठल्या बाकावर सावली असते, कुठे फरशी उखडलीये, सगळं त्याला तोंडपाठ!

"दर आठवड्याला जाता वाटतं?" मी चिडवलं.

"छे! ऐकीव माहिती," असं म्हणून तो पुन्हा चाकाशी खटपट करू लागला. त्या चाकाला इतकं तेल कशाला लागत होतं, कोण जाणे.

रविवारी आत्या दारापर्यंत आली आणि खुर्ची पाहून थबकली. माझा जीव मुठीत!

"पिशवीसाठी खुर्ची? पिशवीचे गुडघे दुखतात का?"

"हो काकू," तो गंभीरपणे म्हणाला, "वय झालंय तिचं."

आत्यानं ओठ दाबून हसू गिळलं. आणि उंबरा ओलांडला!

मागच्या दरवाजावरचा पहारेकरी आम्हाला बघून ओरडला, "अरे वा! आज खुर्चीत पिशवी तरी आहे! परवा हा रिकामीच फिरवत होता. प्रत्येक पिंजऱ्यासमोर थांबायचा, स्वतः तिच्यात बसायचा, मान उंच करून बघायचा. म्हटलं, गेलं बिचाऱ्याचं डोकं."

त्याचे कान लालभडक झाले. आणि मी? मी तिथेच, त्या दरवाजात, त्याच्या प्रेमात पडले. खरं तर आधीच पडले होते... फक्त कळलं तेव्हा.

जिराफापाशी आत्या दमली. कबूल मात्र करेना.

"काकू, पिशवी एकटी बसून कंटाळलीये," तो म्हणाला.

आत्यानं त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग खुर्चीत बसली आणि पिशवी मांडीवर घेतली. "पिशवीसाठी हं!"

वाघीण झोपली होती, तीही आमच्याकडे पाठ करून. लोक हिरमुसून पुढे जात होते. आत्या पिशवी खाली ठेवून उठली. माझा हात बाजूला सारून एकटी कठड्यापर्यंत चालत गेली.

"अगं, इतकी वर्षं घालवून आलेय मी. तोंड तरी दाखव!"

वाघिणीनं मान वळवली, आत्याकडे रोखून पाहिलं आणि जबडा उघडून ही एवढी मोठी जांभई दिली. आत्याचे डोळे भरून आले. "आलो की नाही गं आपण दोघी!" ती म्हणाली. मग मागे न बघताच तिनं विचारलं, "आणि हा खुर्चीवाला? हा कुणासाठी आलाय? पिशवीसाठी?"

तो कठड्यापाशी आला. "वाघ म्हटलं तरी खातो, वाघोबा म्हटलं तरी खातो... म्हणून सरळच विचारतो. काकू तर मी कुणालाही म्हणतो. तुम्हाला... आत्या म्हटलं तर चालेल?"

"ते हिला विचार."

माझ्या तोंडात एकही टाचणी नव्हती, तरी शब्द फुटेना.

"टोचली का?" तो हळूच म्हणाला.

"आत्याच म्हण," मी म्हणाले. पहिल्यांदाच 'अहो'चं 'अरे' झालं, आणि आम्ही दोघंही वेड्यासारखे हसत सुटलो.

आत्यानं पिशवी उचलून खुर्चीत ठेवली, मागचे दांडे घट्ट धरले आणि स्वतःच खुर्ची ढकलत निघाली.

"तुम्ही या सावकाश," ती म्हणाली. "मला अजून हत्ती बघायचाय."