शेड चालू

रात्रीची गोष्ट ऐकायची म्हणून बसला असाल, तर उठा. ही भर दुपारची आहे. गेल्या उन्हाळ्यात सुरू झालेली, कोल्हापूरला लागून असलेल्या उचगावातली, आणि खरी. कुणाला थाप वाटत असेल तर माझ्याबरोबर चला, घर दाखवतो. आत मात्र तुम्ही जायचं, मी दारात थांबणार.

दीक्षा माझी मावसबहीण. तिनं सांगितलं ते सांगतो.

तिचा नवरा प्रसेनजीत आणि थोरला दीर आकाराम. घरामागच्या शेडात दोघांचा धंदा होता. फौंड्रीत लोखंड ओतायचे साचे करायला लाकडी नमुने लागतात, ते कॉम्प्युटरच्या मशीनवर कापून द्यायचे. कटर असा फिरायचा की सागवान लोण्यासारखं कापलं जायचं.

शेडात भुसा फार. नाकातोंडात जायचा. म्हणून प्रसेनजीतनं डोकं लढवलं. घरात बसून मोबाईलवर बोट ठेवलं की वायफायवरून शेडातला झोपलेला कॉम्प्युटर जागा व्हायचा आणि मशीन आपोआप कापायला लागायचं. परत दाबलं की बंद. मोबाईलवर लिहून यायचं, 'शेड चालू' नाहीतर 'शेड बंद'.

पोरगं हुशार, यात वाद नाही. पण अती तिथं माती.

आकारामनं पहिल्याच दिवशी नियम घातला. "बटण दाबायच्या आधी हाक मारायची, करू का? आतनं उत्तर आलं तर दाबायचं. न्हाय आलं तर उठून बघून यायचं. आळस करायचा न्हाय."

प्रसेनजीत आत असला की नुसतं "व्हय" म्हणायचा. आकाराम असला की म्हणायचा, "कर की." गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं.

मार्चमध्ये आकाराम गेला.

कटर बदलायला वाकला होता. मशीन सुरू झालं. कटर मानेत शिरला तो पार हाडापर्यंत. भुसा लाल झाला नाही, त्याचा चिखल झाला. प्रसेनजीतनं पोलिसांना सांगितलं, पाहुण्यांना सांगितलं, आईला सांगितलं की दादानंच आतून चुकून चालू केलं.

सगळ्यांनी मान हलवली. भंतेजी आले, वंदना झाली, पुण्यानुमोदनाला सगळी भावकी जेवून गेली.

मग एका दुपारी घरातले जेवायला बसले होते. शेडला कुलूप होतं. ताटाशेजारचा मोबाईल उजळला...

शेड चालू.

प्रसेनजीतनं डाव्या हातानं बंद केलं. घास तोंडात घातला.

शेड चालू.

तो कुलूप काढून आत गेला. आत कुणी नाही. कॉम्प्युटर मात्र जागा, त्याचा पंखा घुं घुं फिरत होता. त्यानं नेटची वायर उपसून खुंटीला टांगली आणि हसत बाहेर आला.

दुसऱ्या दुपारी, वायर खुंटीलाच असताना...

शेड चालू.

"इकून टाकूया हो ते," दीक्षा म्हणाली.

"खुळी हायस का? व्होल्टेज कमी-जास्त हुतंय. आपल्यात भूतबीत मानत न्हाईत."

ते खरंच आहे. त्या घराच्या चौकटीला कधी लिंबू-मिरची लागली नाही. आणि कामं अडली होती, फौंड्रीवाले तगादा लावत होते. वायर परत जोडली गेली.

त्या दिवशी प्रसेनजीत शेडात लाकूड बसवत होता. दोन्ही हात गुंतलेले, म्हणून मोबाईल दीक्षाकडे दिला. ती स्वयंपाकघरात. गॅसवर दूध वर यायला लागलेलं. तिनं खिडकीतून हाक मारली.

"करू का?"

उत्तर नाही.

शेजारचं कुत्रं भुंकत होतं, तेही गप्प झालं. दूध उतू जायला लागलं. तिनं परत विचारलं, "अहो, करू का?"

मग शेडातून...

"कर की."

तिनं दाबलं.

किंकाळी आली तेव्हा दूध शेगडीवरून खाली सांडत होतं. ती अनवाणी धावली. प्रसेनजीतचा उजवा हात कटरखाली होता. मनगट दिसत नव्हतं. रक्त पत्र्यापर्यंत उडालेलं, आणि कटर हळूहळू कोपराकडं सरकत होता.

तिनं मशीन थांबवायचं लाल बटण दाबलं, काही झालं नाही. तिनं मोबाईलवर बंद केलं.

मशीन थांबलं. तिनं त्याचा दंड धरला, ओढायला लागली...

शेड चालू.

कटर परत फिरला. हाड फुटल्याचा आवाज तिनं कानानं ऐकला. बंद. परत चालू. बंद. परत चालू. तिच्या तोंडावर, डोळ्यांत रक्त. शेवटी सासूबाई, बायडाबाई, धावत आल्या आणि त्यांनी बाहेरचा मेन स्विच खाली ओढला, तेव्हा ते थांबलं.

हात कोपरापासून गेला.

दवाखान्यात प्रसेनजीत शुद्धीवर आल्यावर दीक्षा रडत म्हणाली, "तुमी कर की म्हणालासा, म्हणून केलं."

प्रसेनजीत म्हणाला, "म्या तोंडबी उघडलं न्हवतं. तुझी हाकच ऐकू आली न्हाय मला."

तेव्हा तिच्या ध्यानात आलं. हा माणूस "कर की" म्हणतच नाही.

मग त्यानं सांगून टाकलं. "दादाच्या येळंला मीच दाबलं हुतं. जेवत हुतो. उठायचा कटाळा आला. हाक मारली न्हाय."

बायडाबाई चहाचा थर्मास घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी थर्मास खाली ठेवला आणि त्या निघून गेल्या.

मशीन भंगारात गेलं. कॉम्प्युटर दीक्षानं स्वतः घणानं फोडला. शेड रिकामं केलं, वायरी कापल्या. मोबाईलही नवीन घेतला.

आणि रोज दुपारी, जेवणाच्या वेळेला, रिकाम्या शेडातून हाक यायला लागली...

"करू का?"

आकारामचा आवाज. घाई नाही, राग नाही. नियमानं विचारायचं तसं विचारायचा, आणि थांबायचा.

घरात कुणी उत्तर द्यायचं नाही असं ठरलं. प्रसेनजीत ओठ घट्ट मिटून बसायचा, घामानं शर्ट भिजायचा. बायडाबाई त्याच्याशी बोलत नव्हत्या. हाक आली की त्यांचा घास हातातच राहायचा.

गेल्या आठवड्यात हाक आली. बायडाबाईंनी ताट बाजूला सारलं. हात धुतले, पदराला पुसले. प्रसेनजीतकडं नीट बघितलं.

"त्यो इचारतोय तरी," त्या म्हणाल्या. "तू इचारलं न्हाईस."

"आये, नगं," प्रसेनजीत म्हणाला.

बायडाबाईंनी शेडाकडं तोंड केलं. "कर की, बाळा."

मोबाईल उजळला...

शेड चालू.

मी काल तिथं गेलो होतो. प्रसेनजीत खाटेवर बसलाय. राहिलेल्या हातात मोबाईल, अंगठा चालूच. बंद करतो, लगेच चालू होतं. बंद करतो, चालू होतं. झोपत नाही, जेवत नाही. अंगठ्याचं कातडं निघून काच लाल झालीय. आणि मागच्या रिकाम्या शेडातून कटरचा आवाज येतो. दीक्षा म्हणते, पहिल्या दिवशी तो लांब होता. आता भिंतीच्या पलीकडं वाटतो.

मलाही तसाच वाटला.

मी उठलो. चपला घालत होतो तेवढ्यात आतून दीक्षानं विचारलं, "दादा, चहा करू का?"

मी उत्तर न देता निघून आलो.