दाबून धरलेलं बटण

दहावीतल्या भिंगरीला हल्ली बंद पडलेली कुठलीही वस्तू दिसली की हात शिवशिवायचे. मिक्सर, इस्त्री, शाळेची घंटा, सगळ्यांना तिनं वठणीवर आणलं होतं. त्यामुळे इमारतीच्या तळघरात वर्षभर धूळ खात पडलेल्या जुन्या गाडीचं हॅझार्डचं बटण बदलायला ती निघाली, तेव्हा तिची कॉलर ताठ होती.

“गॅरेज काढतेस की काय?” नवं बटण देताना मेकॅनिककाकांनी चिडवलं.

“काढलं तर तुम्हालाच कामावर ठेवीन.”

“बरं बाई. पण आधी बॅटरीची वायर काढायची. मग बाकीची हुशारी.”

जुन्या बटणाची खोड घरात सगळ्यांना पाठ होती. दाबलं की चारही इंडिकेटर लुकलुकायचे, बोट काढलं की बटण टुणकन वर आणि दिवे गुल. ते बदलावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. “दाबून धरलं की चालतंय ना,” हे घरातलं ब्रह्मवाक्य. रस्त्यात गाडी थांबली की एकानं उतरायचं, दुसऱ्यानं आत बसून बटण धरायचं. लहानपणी धरायचा मान कुणाचा, यावरून भिंगरी दादाशी भांडायची.

मागच्या वर्षी दादा मागचं चाक बदलायला उतरला, तेव्हा आत बाबा होते. मागून ट्रक आला आणि दादा गेला. ट्रकवाला म्हणाला, एकही दिवा लागलेला नव्हता. बाबा म्हणाले, मी बोट काढलं नव्हतं. तेव्हापासून आई बाबांशी बोललेलीच नव्हती. “तुझ्या बाबांना सांग, दूध संपलंय.” “तुझ्या आईला सांग, आणतो.” मधल्या मध्ये भिंगरीचा पार पोस्टमन झाला होता.

आता गाडी विकायची होती. गिऱ्हाइकानं बटणासाठी अडवून धरलं होतं. पण भिंगरीचा खरा बेत निराळाच. जुनं बटण मुळातूनच मेलेलं निघालं, दाबूनही करंट जात नव्हता असं दिसलं, तर बाबा सुटले. ते बटण ती आईच्या ताटाशेजारी ठेवणार होती. बोल म्हणावं आता.

दुपारचं तळघर गार होतं. रबराचा आणि दमट सिमेंटचा वास येत होता. भिंगरीनं बॅटरीची वायर सोडवली, चालकाशेजारच्या सीटवर बसून पॅनेलचे स्क्रू काढले, मागचा प्लग उपटला. बटण हातात आलं. मधोमध बोटानं झिजून खळगा पडलेला. तिनं करंट तपासायच्या मीटरच्या सुया लावल्या आणि बटण दाबलं.

मीटर पीं करून वाजला.

तिनं हळू दाबलं, तिरकं दाबलं, मुद्दाम चुकीचं दाबलं. मेला दर वेळी खणखणीत वाजला.

बटण चांगलं होतं. बोट असतं तर दिवे लागले असते.

“काय निघालं गं?” खांबाजवळ बाबा उभे होते. केव्हा आले कोण जाणे.

भिंगरीनं मीटर मांडीखाली सरकवला. “जळून कोळसा झालाय. दाबून काही उपयोगच नव्हता, बाबा.”

“मी म्हणतच होतो,” बाबा म्हणाले आणि दाराला धरून चालकाच्या सीटवर बसले. वर्षभरात पहिल्यांदा त्यांचे खांदे खाली आले.

टिक. टिक.

समोरच्या भिंतीवर पिवळा उजेड पडला. गेला. पुन्हा पडला.

भिंगरीनं बॉनेटकडे पाहिलं. बॅटरीची वायर सुटलेलीच होती. पॅनेलमध्ये नुसतं भोक होतं आणि प्लग बाहेर लोंबत होता.

जुनं बटण दोघांच्या मध्ये सीटवर पडलं होतं. आत दबलेलं.

“बाबा, वर चला.”

बाबा हलले नाहीत. “फोन वाजला होता,” ते म्हणाले. “तुझ्या आईचा. कुठवर आलात विचारत होती.”

टिक. टिक.

“तिला माहीत आहे. तिनं ऐकलं सगळं.”

बटण सावकाश वर येऊ लागलं. टिकटिक अडखळली, उजेड फिका पडला. बाबांनी झडप घालून ते उचललं आणि अंगठ्यानं दाबून धरलं. नख पांढरं पडलं.

उजेड पुन्हा भरला.

मग गाडीखाली लोखंड कुरकुरलं. थांबलं. कुरकुरलं. गाडीची मागची बाजू तसूतसूनं वर उचलली जाऊ लागली. त्यांचा जॅक पोलिसांकडून परत आलाच नव्हता.

भिंगरीला आरशात बघायचं होतं. मान वळेना.

जिन्यावर चपला वाजल्या. चहाला बोलवायला आई खाली आली होती. ती खांबापाशी थबकली आणि गाडीच्या मागच्या चाकाकडे बघत राहिली. बराच वेळ. पदरानं तिनं कपाळ टिपलं.

“अहो,” ती म्हणाली. भिंगरीला नव्हे, बाबांना. “आता बोट काढू नका. त्याचा एकच नट आवळायचा राहिलाय.”