चाळीस पावलं मागे

मी रॉइस. अमेरिकेतल्या आयडहो राज्याच्या लेमहाय डोंगरांत तीस वर्षं धनुष्यबाणाने शिकार करतोय. भुताखेतांच्या गप्पांचा मला मनस्वी कंटाळा आहे. कुणी सुरू केल्या की मी उठून जातो.

पण हे माझ्याच बाबतीत घडलंय. गेल्या वर्षी, अठरा सप्टेंबरला, सकाळी पावणेआठला. चांगलं उजाडलं होतं. अंधारात भास झाला असेल, असं म्हणायचीही सोय नाही.

आधी डेलबद्दल सांगतो.

डेल माझा धाकटा भाऊ. आम्ही दोघं एल्क मारायला जायचो. एल्क म्हणजे सांबराचाच भाऊबंद, पण अंगाने घोड्याएवढा. माजावर आलेला नर मादीच्या आवाजाला भुलतो. म्हणून माणसं दोन लागतात. एक धनुष्य घेऊन पुढे. दुसरा चाळीस पावलं मागे बसून, तोंडात रबरी पट्टी धरून मादीचा आवाज काढतो. नर त्या आवाजाच्या रोखाने येतो आणि पुढचा माणूस बाण सोडतो.

नियम एकच. बाण सुटेपर्यंत मागच्याने जागा सोडायची नाही.

मागे कायम डेलच. त्याचा पुढचा दात पडला होता, त्यामुळे त्याचा आवाज शेवटी उचकी लागल्यासारखा तुटायचा. मी फार चिडवायचो त्याला. "तुझी मादी पिऊन आलीय बघ!"

"पण येतात तर तिच्याचकडे ना? तुझं थोबाड बघून पळतात!"

पाच दिवसांचं सगळं बिऱ्हाड पाठीवर न्यायचं, म्हणून आम्ही ग्रॅमाग्रॅमसाठी भांडायचो. टूथब्रशचा दांडा अर्धा कापायचा. कपड्यांच्या आतल्या चिठ्ठ्या उसवायच्या. त्यात मी जास्तच खुळा. तीन वर्षांपूर्वी, निघायच्या आदल्या दिवशी, डेलच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर मी त्याची एकेक वस्तू ठेवली. पिसं भरलेला कोट... चारशे दहा ग्रॅम. मी तो बाजूला काढला.

"अरे रॉइस, गारठेन की रे मी."

"चढताना घाम फुटेल. राहू दे घरी."

"दाढीपण काढून ठेवू का? तेवढंच ओझं कमी!"

त्याची बायको मार्लिस खळखळून हसली. कोट तिनेच परत खुंटीला अडकवला.

तिसऱ्या दिवशी आम्ही एका माळाच्या कडेला होतो. एक नर ओ देत देत पलीकडच्या धारेवर गेला. मी डेलला म्हणालो, "इथेच बस. आवाज काढत राहा. हलू नकोस." आणि नराच्या मागे लागलो. धार ओलांडली आणि ओला बर्फ पडायला लागला. हातभर पुढचं दिसेना. रात्रभर मी एका कपारीत अडकून पडलो.

सकाळी परत आलो.

डेल तिथेच होता. झाडाला टेकून बसलेला. पट्टी दातांत तशीच.

तंबू अर्ध्या तासावर होता. उठून गेला असता तर वाचला असता. पण मी बाण सोडला नव्हता ना... म्हणून तो उठला नाही.

पुढचं वर्षभर मी धनुष्याला हात लावला नाही. गेल्या वर्षी गेलो. एकटाच. का गेलो, विचारू नका.

तोच माळ. गवतावर पांढरं दहिवर. वाऱ्याची झुळूक नाही. पाखरंसुद्धा गप्प.

आणि मग... माझ्या मागून... मादीचा आवाज.

शेवटी उचकी लागल्यासारखा तुटलेला.

मी वळलो नाही. पुढच्याने वळायचं नसतं, सवयच तशी.

पुन्हा आला. मी मनातल्या मनात म्हटलं, रॉइस, तुला वेड लागलंय.

पण समोरच्या झाडीतून नराने ओ दिली.

त्यालाही ऐकू आला होता!

तो आला. पंचवीस पावलांवर थांबला. माझ्याकडे ढुंकूनही बघेना. माझ्या खांद्यावरून मागे... कुणाकडे तरी बघत होता.

मी दोरी ओढली. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण हात स्थिर होता. सोडला की झालं. सोडला की डेल सुटला. तेवढ्यासाठीच तर बसलाय तो.

मी धनुष्य खाली केलं.

नर निघून गेला. मागून पुन्हा आवाज आला. हळू... थकलेला.

मी वळलो. झाडाखाली कुणी नव्हतं. सगळं गवत पांढरं होतं, फक्त बुंध्याशी माणूस बसेल एवढी जागा हिरवी. हात लावला. कोमट होती.

मी तिथेच बसकण मारली. "डेल, ऊठ रे बाबा. चुकलं माझं. चल घरी."

आवाज आला. माझ्या पाठीमागून. चाळीस पावलांवरून.

पुढच्या चार दिवसांत आणखी दोन नर आले. मी एकही बाण सोडला नाही.

मार्लिसला हे सांगायची हिंमत गेल्या महिन्यात झाली. ती ओट्याला धरून उभी होती.

"म्हणजे तो अजून तिथे बसलाय?"

"हो."

"आणि तू बाण सोडला नाहीस."

"सोडला असता तर आवाज थांबला असता गं. मला ऐकायचा होता."

"तुला ऐकायचा होता!" ती किंचाळलीच. "आणि तो तिथे काकडतोय, त्याचं काय?"



या वर्षीचा परवाना मार्लिसने काढलाय. म्हणाली, तू फक्त जागा दाखव. रोज संध्याकाळी परसात सराव करते. एक बाण इकडचा तिकडे जात नाही.

आम्ही परवा निघतोय. तिचं बरोबर आहे, मला कळतं. डेलला मोकळं करायलाच हवं.

पण खरं सांगू? तिचा नेम चुकावा, असं वाटतंय मला.