सदूच्या तुकड्याला जवाब

मी हे रंगवून सांगत नाहीये. मला स्वतःलाच भुताच्या गोष्टींचा भारी कंटाळा आहे. रत्नागिरीला गावी गेलं की रात्री गप्पा सुरू व्हायच्या आणि मी सरळ आत जाऊन झोपायचे.

पण हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. तेही संध्याकाळी, धड अंधारही पडला नव्हता तेव्हा.

साल १९९३, ऑक्टोबर महिना. जागा मीरा रोड, सिल्व्हर पार्कजवळची एक नवी बिल्डिंग.

तेव्हा तिथे अर्ध्याहून जास्त फ्लॅट कुलूपबंद असायचे. लोकांनी नुसते घेऊन ठेवलेले. तिसऱ्या मजल्यावर तर एकाच घरात माणूस होता, पास्कल सर. उत्तनचे. आयुष्यभर मुंबईच्या हॉटेलांत जॅझ गिटार वाजवलेली.

माझा धाकटा भाऊ दिपेश त्यांच्याकडे शिकायचा. सर त्याला स्वरलिपीचा कागद दाखवायचे नाहीत. ग्लासावर चमचा वाजवून विचारायचे, सूर कुठला? मग हा घरी येऊन कुकरच्या शिटीचा सूर सांगायचा. आई म्हणायची, सूर राहू दे, शिट्या मोज.

आता तो नोकरी सोडून बँडमध्ये जाणार म्हणत होता. म्हणून बाबांनी मला पाठवलं. "निशिगंधा, त्या मास्तरला बघून ये."

बाबा म्हणजे विठूबुवा, डबलबारी भजनातले. दोन बुवा समोरासमोर बसतात. एकाने गायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं. उत्तर न देता उठणं म्हणजे नामुष्की. दिपेश त्यांच्या मांडीवर बसून हेच ऐकत वाढला होता.

सरांनी आम्हाला आतल्या खोलीत बसवलं. शेजारी बांधकाम चालू होतं, मिक्सरची घरघर नुसती. म्हणून त्यांनी दार लावून कडी घातली.

"जॅझ म्हंजे गप्पा हाय," ते मला म्हणाले. "एक तुकडा मी वाजवणार, एक तो. ठरवायचं न्हाय. ऐकायचं आणि बोलायचं."

दोघं वाजवू लागले. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण दिपेशचा चेहरा बघून बरं वाटलं. इतका खूश तो घरी कधीच नसायचा.

सर पाणी प्यायला थांबले.

आणि तेव्हा...

बाहेरच्या खोलीत गिटार वाजली.

छोटासाच तुकडा. गोड होता. वाक्य अर्धं सोडावं तसा मध्येच थांबला.

मला वाटलं, दुसरा कोणी विद्यार्थी आला असेल. दिपेशलाही तसंच वाटलं असणार. त्याने मान वाकडी करून ऐकलं, हसला, आणि लगेच जवाब वाजवला.

सरांच्या हातातला ग्लास खाली पडला.

"उत्तर का दिलंस?"

"समोरून आलं, सर. न देऊन कसं चालेल?"

सर दाराकडे बघत होते. मग माझ्या लक्षात आलं...

मिक्सर ऐकू येत नव्हता. कावळे नाहीत. रिक्षा नाही. पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज नव्हता.

बाहेरून पुढचा तुकडा आला. आता जरा जवळून.

मी उठले आणि कडी काढली. कडी निघाली. दार हललं नाही.

मी खांदा लावला, लाथ मारली. दार नव्हे, भिंतच होती ती. खिडकीकडे धावले. ग्रिलमधून खाली वॉचमन राघो दिसत होता, पाइपने झाडांना पाणी घालत होता.

"राघोकाका, वर बघा. दार अडकलंय."

घसा फुटेस्तोवर ओरडले. त्याने मानही वर केली नाही. पाणी मातीवर पडत होतं, त्याचाही आवाज नव्हता.

"बाहेर कोण आहे, सर?"

"सदू," सर म्हणाले. "आमच्या उत्तनशेजारच्या मोरव्याचा. वीस वर्षं आम्ही जोडीने वाजवलं. स्टेजवरच गेला. त्याचा तुकडा झाला होता, माझा जवाब बाकी होता. अजून मागतो. मी कधी दिला न्हाय. आता ह्या पोराने दिला."

"मग आता?"

"आता तो थांबणार न्हाय."

दिपेश वाजवतच होता. मी म्हटलं, "दिप्या, बस कर."

"ताई, थांबता येत नाहीये."

त्याची बोटं तारांवर चालत होती आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. एवढा मोठा मुलगा, पण मला तो पाच वर्षांचा दिसला. मी गिटार ओढली, त्याने सोडली नाही. दर तुकड्यागणिक बाहेरचा आवाज दाराच्या जवळ येत होता, आणि आता तर...

दाराच्या अगदी पलीकडे होता.

तेव्हा सरांनी स्वतःची गिटार मांडीवर घेतली. दिपेशच्या मनगटावर हात ठेवला.

"माझा जवाब हाय तो. मला देऊ दे. मी वाजवतो तोवर तो ऐकत बसेल. भावाला घेऊन निघ, पोरी. मागे बघू नको."

आणि ते वाजवू लागले. दिपेशची बोटं थांबली.

तसं वाजवणं मी पुन्हा कधी ऐकलं नाही. कुठेही श्वास नाही, कुठेही थांबणं नाही.

दार आपोआप उघडलं.

दिपेश येईना. "सरांना एकटं कसं सोडू?" मी त्याला कॉलर धरून ओढत नेलं. बाहेरच्या खोलीत कोणी नव्हतं. भिंतीवर खिळ्याला एक जुनी गिटार टांगलेली होती...

तिला एकही तार नव्हती.

राघोला घेऊन वर आलो तेव्हा सर तसेच बसलेले. गिटार बाजूला पडली होती, पण डाव्या हाताची बोटं हवेत चालू होती. वाजवायची, थांबायची, ऐकायची, परत वाजवायची. हाका मारल्या, हलवलं, ओळख नाही. डॉक्टर म्हणाले, कान ठीक आहेत.

त्यांची भाची त्यांना उत्तनला घेऊन गेली. दिपेशने गिटार विकली, नोकरी धरली. दर रविवारी मात्र उत्तनला जाऊन त्यांच्यापाशी बसायचा. बाबांनी किंवा मी कधी अडवलं नाही.

१९९९ साली सर गेले. दफनविधीला मी दिपेशबरोबर होते. फादरांची प्रार्थना चालली होती. मला मनातून, खरं सांगते, सुटल्यासारखं वाटत होतं. सरही सुटले, आम्हीही सुटलो.

आणि मग...

समुद्राची गाज थांबली.

मी शेजारी बघितलं. दिपेशच्या डाव्या हाताची बोटं पँटवर हळूहळू चालू लागली होती.

मी त्याचा हात घट्ट धरला.

"ताई, सोड," तो अगदी शांतपणे म्हणाला. "सर जवाबाला थांबलेत."

मी सोडला नाही. गाज परत ऐकू येईपर्यंत धरून ठेवला. पण रोज धरायला मी त्याच्या घरी नसते, आणि फोनवर त्याला विचारायचा मला धीर होत नाही.